कोणाचं खरं? खिशातली डायरी, टेबलावरचं कॅलेंडर आणि पोळ्याची तारीख

मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं, "पुढच्या वेळी कशावर बोलणार?" आम्ही म्हटलं, "हॉटसिंकवर." तो म्हणाला, "ते काय असतं?" म्हणजे सुरुवात तिथूनच करायला हवी.

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर रोजच होते. सॉफ्टवेअरचं मात्र आपण एवढंच बघतो की चालतं की नाही. पण सॉफ्टवेअर कोणीतरी लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने जग कसं आहे याबद्दल काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, आणि ज्याची समीक्षा होत नाही त्याची गृहीतकं आपण नकळत आपलीच मानून बसतो. म्हणून आज एका जुन्या प्रणालीची समीक्षा करू. खिशातल्या डायरीतलं कॅलेंडर आणि टेबलावरच्या कंप्युटरमधलं कॅलेंडर यांचा मेळ घालणारी ही प्रणाली.

1996 साली अमेरिकेत पामचं पायलट आलं. त्याच्या जेफ हॉकिन्सची गोष्ट प्रसिद्ध आहे. यंत्र तयार होण्याआधी तो लाकडाचा एक ठोकळा शर्टाच्या खिशात घेऊन फिरत असे. मीटिंगमध्ये तो बाहेर काढून त्यावर लिहिण्याचा अभिनय करायचा, म्हणजे खिशात काय मावतं आणि हाताला काय सोसतं ते कळावं. यंत्रात मुख्य गोष्टी चारच होत्या: तारखा, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं. 2000 साली आलेल्या एम100 मध्ये स्मृती होती 2 एमबी. आज मोबाइलवरचा एक फोटो त्याहून मोठा असतो.

या यंत्राचं खरं मोठेपण त्या ठोकळ्यात नव्हतं, ते होतं हॉटसिंकमध्ये. यंत्र स्टँडवर ठेवायचं, एक बटण दाबायचं. यंत्र आणि कंप्युटर एकमेकांशी बोलायचे आणि दोन्हीकडची डायरी सारखी व्हायची. हा मेळ ऐच्छिकही नव्हता. सुरुवातीची ही यंत्रं साध्या पेन्सिल सेलवर चालत. सेल पार उतरले की आतलं सगळं पुसलं जायचं. सेल बदलायला मिळायचं जेमतेम मिनिटभर. म्हणजे कंप्युटरवरची प्रत हाच एकमेव विमा.

आता हे आपल्या जिल्ह्यात कसं चालायचं ते आठवा. 2004-05 च्या सुमाराचं भारनियमन. वीज असेल तेव्हा कंप्युटर, नसेल तेव्हा खिशातलं यंत्र. जे यंत्र पुण्यामुंबईच्या माणसाला चैन होती, ते इथे उलट जास्त कामाचं होतं, कारण त्याला भिंतीतला प्लग लागत नव्हता. आमच्याकडेही असलंच एक यंत्र होतं. कोणत्या कंपनीचं ते राहू द्या. त्या पिढीतली सगळी यंत्रं या बाबतीत एकाच वळणाची होती.

तर हा मेळ आतून कसा व्हायचा? हॉटसिंकमध्ये प्रत्येक नोंदीला एक ओळख क्रमांक असायचा आणि तिच्यावर छोट्या खुणा असायच्या: ही बदलली आहे, ही पुसली आहे, ही खाजगी आहे. मागच्या भेटीनंतर ज्या नोंदींवर खूण पडली तेवढ्याच बघायच्या, म्हणून काम झटपट व्हायचं. आणि एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदलली असेल तर? समजा खिशात लिहिलं "बैठक 11 वाजता" आणि टेबलावर लिहिलं "बैठक 4 वाजता". हॉटसिंक निवाडा करत नव्हतं. दोन्ही नोंदी दोन्हीकडे ठेवायचं आणि आपल्या लॉगमध्ये लिहायचं, की इथे वाद आहे, बघा. निवाडा माणसाने करायचा.

दुसरी गोष्ट पुसण्याची. मेळ घालायचा असेल तर पुसलेलं लक्षात ठेवावं लागतं. खिशातली नोंद तुम्ही खोडली आणि यंत्र ती साफ विसरलं, तर टेबलावरचा कंप्युटर म्हणेल, "अरे, तुझ्याकडे ही नाहीच, घे माझ्याकडून." खोडलेली बैठक परत जिवंत. म्हणून पुढच्या मेळापर्यंत "ही पुसली आहे" ही खूण जपली जायची. शिवाय पुसताना विचारलं जायचं, की कंप्युटरवर एक प्रत जपून ठेवू का?

इथे बसलेल्या शेतकऱ्यांना हे ओळखीचं वाटलं असेल. सातबाऱ्यावर नाव कमी व्हायचं तेव्हा ते खरवडून काढत नसत, कंसात टाकत. ते का कमी झालं याची फेरफार नोंद नमुना 6 मध्ये राहते. हॉटसिंक लिहिणाऱ्यांनी तलाठी दप्तर पाहिलेलं असण्याचं काही कारण नाही. पण दोन प्रती सांभाळायच्या म्हटलं की पुसण्याचाही पुरावा ठेवावा लागतो, एवढं दोघांनाही उमगलं होतं.

इथपर्यंत आम्ही कौतुक केलं. आता दोष.

पहिला दोष मालकीचा. हॉटसिंकच्या सेटिंगमध्ये चार पर्याय होते. दोन्हींचा मेळ घाला. कंप्युटरचं खरं माना आणि खिशातलं पुसून टाका. खिशातलं खरं माना आणि कंप्युटरवरचं पुसून टाका. किंवा काहीच करू नका. पर्याय स्पष्ट होते हे चांगलंच. पण सगळा विचार एक माणूस आणि त्याचं एक टेबल असाच होता. घरी एक कंप्युटर आणि कामाच्या जागी दुसरा, त्यावर कॅलेंडरचं सॉफ्टवेअरही वेगळं, की गोंधळ सुरू. मागच्या वेळी भेटलेला कंप्युटर हा नव्हे, असं दिसलं की खुणांवर विसंबता येत नाही, सगळ्या नोंदी एकेक करून ताडाव्या लागतात. त्यात दोन सॉफ्टवेअरनी एकच बैठक थोड्या वेगळ्या रीतीने लिहिलेली असली की ती दोन वेळा दिसणार. आमच्या यंत्रात एकदा एकाच लग्नाची चार निमंत्रणं झाली होती. आहेर मात्र एकदाच दिला.

दुसरा दोष जास्त खोल आहे, आणि आजच्या व्याख्यानाचं कारण तोच.

2003 साली पोळा ऑगस्टच्या शेवटी आला होता. आम्ही उत्साहाने यंत्रात लिहिलं, "पोळा", आणि पुनरावृत्तीच्या जागी निवडलं, "दरवर्षी". कंप्युटरशी मेळ घातला. दोन्हीकडे नोंद बरोबर बसली. 2004 च्या ऑगस्टअखेरीस यंत्र वाजलं: उद्या पोळा. आम्ही शेतावर सालगड्याला म्हटलं, "अरे, आज खांदशेकणी ना?" तो हसायलाच लागला. म्हणाला, "भाऊ, श्रावन तं आत्ता लागला. पोया असते अमावशेले. औंदा धोंड्याचा महिना आला होता, तुमच्या डबीले मालूम नाही काय?"

डबीला मालूम नव्हतं. 2004 साली श्रावण अधिक होता, पोळा सप्टेंबरच्या मध्यात गेला. चूक आमचीही होती. पण यंत्राने दिलेले पर्याय आठवा: रोज, दर आठवड्याला, महिन्याच्या अमुक तारखेला, महिन्याच्या अमुक वाराला, दरवर्षी. सगळे इंग्रजी तारखेवर बेतलेले. "श्रावणातली अमावास्या" सांगायला जागाच नव्हती. दोन कॅलेंडरांचा मेळ घालणाऱ्या यंत्राला तिसरं कॅलेंडर असतं हेच माहीत नव्हतं.

गंमत अशी, की आपलं पंचांग हीच मुळात मेळ घालण्याची पद्धत आहे. चंद्राचं वर्ष सुमारे 354 दिवसांचं, सूर्याचं 365 दिवसांचं. दरवर्षी 11 दिवसांची तफावत. ती साठू दिली तर पोळा हळूहळू उन्हाळ्यात जाईल. म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरायचा. तोच धोंड्याचा महिना. आणि 19 वर्षांनी चंद्र-सूर्याचा हिशेब जवळजवळ पुन्हा जुळतो. 2004 ला श्रावण अधिक होता, 2023 लाही श्रावणच अधिक आला.

कोणी म्हणेल, 2 एमबीच्या यंत्राकडून पंचांगाची अपेक्षा करणं अन्याय आहे. बरोबर आहे. तिथीचं गणित सोपं नाही. कोणत्या दिवशी कोणती तिथी हे बहुधा सूर्योदयावर ठरतं, आणि यवतमाळात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 20 मिनिटं आधी उगवतो. पण आमची तक्रार गणिताची नाही, जागेची आहे. ज्या मानकावर पुढची सगळी कॅलेंडरं उभी राहिली, ते आयकॅलेंडर 1998 साली आलं. त्यातही पुनरावृत्तीचे नियम इंग्रजी तारखांचेच होते. इतर कॅलेंडरांसाठी नियम लिहायची सोय त्यात 2015 साली जोडली गेली. तिच्यात अधिक महिन्याचाही विचार आहे. पण ती ज्या याद्यांवर चालते त्यांत "भारतीय" म्हणून जे कॅलेंडर आहे ते 1957 पासूनचं सरकारी शक कॅलेंडर. त्यात अधिक महिना नाही आणि तिथीही नाही. पोळा त्यात बसत नाही.

आता आजचं काय? 2009 साली पामने आपल्या नव्या फोनमधून हॉटसिंक काढून टाकलं. पुढच्या वर्षी कंपनी एचपीने घेतली. आज मेळ घालायला स्टँड लागत नाही, बटणही लागत नाही, सगळं आपोआप होतं. अनेक सणांच्या तारखाही फोनमध्ये आपोआप येतात, कारण सुट्ट्यांचं तयार कॅलेंडर कोणीतरी दरवर्षी भरतो आणि आपला फोन ते वाचतो. आमच्या डबीपेक्षा हे निःसंशय सरस आहे. जुनं ते सोनं म्हणायला आम्ही इथे आलेलो नाही.

पण एक गोष्ट गेली. वाद दिसेनासा झाला. एकच नोंद दोन फोनांवर वेगवेगळी बदलली तर अनेक ॲप शेवटी आलेली नोंद ठेवतात आणि आधीची गुपचूप टाकून देतात. लॉग सहसा कोणी दाखवत नाही. कोणाचं खरं मानलं हे तुम्हाला कळतच नाही, कारण प्रश्न विचारला गेला होता हेच कळत नाही.

बैठकीची वेळ चुकली तर फार काही बिघडत नाही. पण हीच सवय जमिनीच्या कागदाला लागली तर? आपल्याकडे हाताने लिहिलेला सातबारा आणि संगणकावरचा सातबारा अशा दोन प्रती झाल्या. त्यांत तफावती निघाल्या: कुठे क्षेत्र वेगळं, कुठे नावात चूक. तेव्हा "कंप्युटरचं खरं माना, हातातलं पुसून टाका" हा पर्याय एका फटक्यात निवडता आला असता. तसं झालं नाही. जुन्याशी ताडून दुरुस्त्या झाल्या, आणि 2017 साली गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा, ज्याची हरकत असेल त्याने तिथेच सांगायची. ते प्रत्येक गावात नीट झालं असा आमचा दावा नाही. पण कल्पना म्हणून बघा: दोन प्रतींत वाद असेल तर तो ज्यांचा आहे त्यांच्यासमोर उघड करायचा. हॉटसिंकच्या लॉगनेही लहान प्रमाणात हेच केलं होतं.

म्हणून आमचं मत असं. हॉटसिंकने काळाची कल्पना अरुंद ठेवली, आणि एका माणसाचं एकच टेबल असतं असं मानलं. पण वाद झाकला नाही आणि पुसलेलं विसरलं नाही. आजच्या प्रणालींनी यंत्राची संख्या आणि अंतर दोन्ही जिंकलं, पण निवाडा आमच्या हातून काढून घेतला. उद्या शेतीची, रेशनची, दवाखान्याची कोणतीही नोंद मोबाइलवरून वर जाईल तेव्हा एवढंच विचारा: दोन प्रती जुळल्या नाहीत तर मला कळेल का? आणि ठरवणार कोण?

कोणाच्या कपाटात असलं जुनं यंत्र पडून असेल तर एक कामाची गोष्ट. 64 बिट विंडोजवर ते यूएसबीने सहसा जोडलं जात नाही. लिनक्सवर जे-पायलट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातून तारखा बाहेर काढता येतात. यंत्रातले सेल उतरलेले असतील तर आतलं गेलेलंच असेल, तेव्हा जुन्या कंप्युटरवरची प्रत शोधा. आणि फार वेळ लावू नका. पामच्या तारखा 1904 पासून मोजल्या जातात आणि वर्षासाठी जागा फक्त 128 वर्षांची आहे. 2031 नंतरचं वर्ष त्याला लिहिताच येत नाही.

आमची डबी कधीच बंद पडली. घरात मेळ घालायचं काम आता भिंतीवरचं छापील कॅलेंडर करतं. दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख, कापूस वेचणीची मजुरी, सगळं एकाच चौकोनात, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं. कोणी काही खोडलं तर खाली काय होतं तेही वाचता येतं. पोळा त्याच्यावर छापूनच येतो. तरी सालगड्याला एकदा विचारून घेतो.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.