ऐकू न येणारे स्मित : ‘मॅश’ आणि ध्वनिमुद्रित हशा

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांमध्ये संवादापाठोपाठ ऐकू येणाऱ्या अदृश्य समूहाच्या हशाकडे सहसा व्यापारी क्लृप्ती म्हणून पाहिले जाते आणि अभिरुचिहीन म्हणून त्याची संभावना केली की समीक्षेचे काम संपले असे मानले जाते. वस्तुतः या हशामुळे विनोदमीमांसेतील एक मूलभूत प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. एखादी गोष्ट हास्यास्पद आहे हा निर्णय कोणाचा? अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९७२ ते १९८३ या काळात प्रसारित झालेली ‘मॅश’ ही मालिका या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त ठरते. हा हशा कोठे असावा आणि कोठे नसावा याविषयी मालिकेचे निर्माते आणि वाहिनी यांच्यात मतभेद झाले, आणि त्यातून निघालेल्या तडजोडीच्या खुणा मालिकेच्या रूपबंधावर कायमच्या राहिल्या.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. १९५१मध्ये सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’सारख्या मालिका प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रित होत. त्यांतील हशा हा प्रयोगाचाच एक भाग असे. नट त्याची वाट पाहत आणि त्यानुसार आपली लय बदलत. याउलट ‘मॅश’सारख्या मालिका एकाच कॅमेऱ्याने, चित्रपटाच्या पद्धतीने आणि प्रेक्षकांवाचून चित्रित होत, आणि हशा त्यांना नंतर जोडला जाई. सीबीएसमधील ध्वनितंत्रज्ञ चार्ल्स डग्लस यांनी १९५०च्या दशकात यासाठी एक यंत्र सिद्ध केले. निरनिराळ्या प्रकारचे ध्वनिमुद्रित हशे त्यात साठवलेले असत, आणि टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून हवा तो हशा हव्या त्या जागी घालता येई. येथे विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या प्रकारच्या हशाचा. तो कोणत्या ना कोणत्या काळी, कोणत्या तरी माणसांनी खरोखर हसून निर्माण केलेला असतो. परंतु ज्या विनोदाला तो जोडला जातो त्या विनोदाला ती माणसे हसलेली नसतात.

या हशाचे समर्थन सामान्यतः हास्याच्या सामूहिकतेच्या आधारे केले जाते. हास्याला प्रतिध्वनीची गरज असते, ते मूलतः समूहाचे असते, हा विचार बर्गसाँने १९००मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात मांडला होता. घरात एकट्याने मालिका पाहणाऱ्याला यंत्रातला हशा सोबत पुरवतो, असा युक्तिवाद त्यावर उभा राहतो. भारतीय साहित्यशास्त्रालाही हे तत्त्व अपरिचित नाही. भरताने हास्याचे ‘आत्मस्थ’ आणि ‘परस्थ’ असे दोन भेद केले. जगन्नाथ पंडिताने ‘रसगंगाधरा’त दिलेल्या स्पष्टीकरणानुसार विभावाच्या केवळ दर्शनाने द्रष्ट्याच्या ठिकाणी उत्पन्न होते ते आत्मस्थ, आणि दुसऱ्याला हसताना पाहून उत्पन्न होते ते परस्थ. म्हणजे हास्य हे संक्रमणशील असून दुसऱ्याचे हसणे हाच त्याचा विभाव होऊ शकतो. मात्र या व्याख्येतील ‘पाहून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. परस्थ हास्यातला ‘पर’ हा समोर असतो. त्याचा चेहरा, वय, त्याची प्रतिष्ठा द्रष्ट्याला दिसत असते, आणि त्याच्यासोबत हसायचे की त्यालाच हसायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य द्रष्ट्याकडे राहते. यंत्रातल्या ‘परा’ला चेहराच नाही.

स्लावोय झिझेक यांनी ‘द सब्लाइम ऑब्जेक्ट ऑफ आयडिऑलॉजी’ (१९८९) या ग्रंथात अगदी वेगळी भूमिका घेतली आहे. त्यांच्या मते हा हशा प्रेक्षकाला हसवत नाही, तर प्रेक्षकाच्या वतीने हसतो आणि त्याला हसण्याच्या कर्तव्यातून मुक्त करतो. ग्रीक शोकात्मिकेतील कोरस जसा प्रेक्षकांच्या वतीने भय आणि करुणा अनुभवतो, तसा. हे विवेचन मार्मिक असले तरी कोरसचे साम्य फार दूरपर्यंत नेता येत नाही. कोरस रंगभूमीवर दिसतो. तो त्या नगरीतील वृद्धांचा किंवा स्त्रियांचा असतो, आणि नायकाच्या विनाशात त्याचेही काही पणाला लागलेले असते. यंत्रातला हशा कथेच्या बाहेर असतो आणि त्याचे काहीही पणाला लागलेले नसते. संक्रमण आणि प्रातिनिधिकता या दोन्ही उपपत्ती हशाचा संबंध केवळ ‘हसणे’ या क्रियेशी जोडतात. हसण्याच्या प्रतींचे काय होते, हा प्रश्न दोहोंतही उरतो.

हा प्रश्न भरताच्या विवेचनात मध्यवर्ती आहे. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित अशा सहा भेदांपैकी पहिले दोन उत्तम प्रकृतीचे, पुढील दोन मध्यम प्रकृतीचे आणि अखेरचे दोन अधम प्रकृतीचे मानले आहेत. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात ते किंचित दिसतात. आवाजाचा उल्लेख प्रथम येतो तो विहसिताच्या वर्णनात. या वर्गीकरणातील सामाजिक उच्चनीचता आज स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु ती बाजूला ठेवली तरी एक निरीक्षण शिल्लक राहते. हास्याच्या सूक्ष्मतम अवस्था निःशब्द असतात. त्यांचे ध्वनिमुद्रण होऊ शकत नाही. यंत्रात हलक्या हशापासून गडगडाटापर्यंत सर्व काही साठवता आले, तरी स्मित साठवता येत नाही. तात्पर्य, या तंत्राने हास्याचा आरंभच विहसितापासून होतो, आणि जे स्मितयोग्य आहे ते एक तर वरच्या पट्टीत चढवले जाते किंवा विनोद म्हणून नोंदलेच जात नाही.

कोरियन युद्धातील (१९५०–५३) एका अमेरिकी फिरत्या लष्करी शस्त्रक्रिया रुग्णालयात ‘मॅश’ घडते. लॅरी गेल्बार्ट आणि जीन रेनॉल्ड्स यांना मालिकेत हशा नको होता. वाहिनीला तो हवा होता. अखेर शस्त्रक्रियागृहातील प्रसंगांत हशा वापरायचा नाही, अशी तडजोड झाली. भरताने अपहसिताच्या लक्षणात अस्थानी हसण्याचा निर्देश केला आहे. वाहिनीने हे ‘अस्थान’ अक्षरशः एक स्थान म्हणून निश्चित केले. तंबूत, भोजनगृहात किंवा कार्यालयात हसणे उचित. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी अनुचित. औचित्याचा निकष रसाकडून जागेकडे सरकला.

परंतु या मालिकेच्या विनोदाचे मर्मच असे, की तंबू आणि शस्त्रक्रियागृह यांना वेगळे करता येत नाही. अॅलन आल्डा यांनी रंगवलेला हॉकआय हा शल्यचिकित्सक सतत कोट्या करतो, त्या आनंदामुळे नव्हे. तासन्‌तास जखमी तरुणांची शरीरे शिवत राहिल्यावर शुद्धीवर राहण्याचा तो त्याचा मार्ग आहे. त्याची कोटी तंबूत केलेली असली तरी तिच्यामागे शस्त्रक्रियागृह उभे असते. अशा कोटीनंतर हशा उमटला की ती ‘यशस्वी’ होते. तिच्यातील हताशता पुसली जाते आणि हॉकआय हा एक हजरजबाबी, खेळकर माणूस उरतो. याउलट शस्त्रक्रियागृहात, मुखपट्टीआडून, तोच हॉकआय तशाच कोट्या करतो तेव्हा हशा नसल्यामुळे प्रेक्षकापाशी स्मित, विषाद किंवा दोहोंचे मिश्रण यांपैकी काहीही अनुभवण्याची मोकळीक राहते. विनोद तोच असूनही एकीकडे हास्य करुणापासून तोडले जाते, तर दुसरीकडे ते करुणाच्या सान्निध्यात टिकते.

येथे एक आक्षेप संभवतो. ही तडजोड कलात्मकदृष्ट्या हितकारकच ठरली, कारण हशाच्या पार्श्वभूमीमुळे शस्त्रक्रियागृहातील शांतता अधिक गडद झाली, असे म्हणता येईल. हे अंशतः खरे आहे; पण त्याची किंमतही ध्यानात घ्यावी लागते. जेथे हशा ही नित्याची खूण आहे तेथे हशाचा अभाव हीदेखील खूणच होते. हशा ‘हसा’ असे सांगतो, त्याचा अभाव ‘आता गंभीर व्हा’ असे सांगतो. म्हणजे यंत्र बंद असतानाही सूचना देतच राहते. म्हणूनच ज्या भागांत हशा आरंभापासून नाही, ते अभ्यासकाला अधिक बोलके वाटतात. संपूर्णपणे शस्त्रक्रियेच्या परिसरात घडणारा ‘ओ. आर.’ (१९७४) आणि वार्ताहराने घेतलेल्या मुलाखतींच्या रूपातील कृष्णधवल ‘द इंटरव्ह्यू’ (१९७६) हे असे दोन भाग होत. त्यांत शांततेला तुलनेसाठी हशा उपलब्ध नाही. ती केवळ शांतता आहे, आणि तिचा अर्थ लावण्याचे काम प्रेक्षकाचे आहे.

या दृष्टीने १८ मार्च १९७५ रोजी प्रसारित झालेल्या ‘अ‍ॅबिसिनिया, हेन्री’ या भागाचा शेवट लक्षणीय आहे. रुग्णालयाचा प्रमुख हेन्री ब्लेक सेवामुक्त होऊन घरी निघतो आणि सर्वांचा हसतखेळत निरोप घेतो. त्यानंतर रडार हा कारकून शस्त्रक्रियागृहात येतो आणि ब्लेकचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणीही वाचले नाही, असा संदेश वाचून दाखवतो. कोणी काही बोलत नाही. हात थांबत नाहीत. एवढ्यात कोठेतरी एक उपकरण खाली पडल्याचा आवाज होतो. तो आवाज ठरवून केलेला नव्हता; चित्रीकरणाच्या वेळी अनवधानाने झाला आणि तसाच राहू दिला गेला. योजून जोडलेल्या शेकडो हशांच्या तुलनेत हा एक अनाहूत आवाज अधिक खरा वाटतो. त्याने काय वाटून घ्यावे हे कोणाला सांगितलेले नाही. तो त्या खोलीतला आहे, बाहेरून आणलेला नाही.

संस्कृत रसचर्चेतील साधारणीकरणाची कल्पना येथे प्रस्तुत ठरते. साधारणीकरणात सहृदय आपल्या व्यक्तिगत मर्यादांतून मुक्त होतो. परंतु ही मुक्ती त्याच्या स्वतःच्या प्रतीतीतून घडते. यंत्रातला हशा याचा आभास निर्माण करतो. तोही व्यक्तीला समूहात विलीन करू पाहतो. मात्र तो समूह साधारणीकृत सहृदयांचा नसून सरासरी प्रेक्षकांचा असतो. साधारण आणि सरासरी यांत जे अंतर आहे, तेच आस्वाद आणि प्रतिसाद यांत आहे.

पुढील काळात ‘मॅश’मधील हशा क्रमाने क्षीण होत गेला. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका हशावाचून दाखवली, आणि नंतर निघालेल्या डीव्हीडींवर हशासह किंवा हशाविना पाहण्याची निवड प्रेक्षकाकडे सोपवण्यात आली. हशाविना पाहताना विनोद कमी होत नाही; काही ठिकाणी तो कमी बोलका मात्र होतो. या अबोल जागांत हॉकआयच्या कोटीकडे पाहून कोणी किंचित हसले, तर ते कोणालाही ऐकू येणार नाही. भरताने स्मिताला हास्यभेदांत पहिले स्थान दिले, त्याचे मोल अशा जागी कळते.