कबर खोदणाऱ्याचा 'हॅम्लेट'

गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणले ते 'विकारविलसित' या नावाने, १८८३ साली. आदल्या वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. वेडा ठरवलेल्या एका तरुण छत्रपतीची बाजू घेताना कारभाऱ्याची बदनामी केली, हा आरोप. जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे त्यांना जामीन राहिले. राजपुत्राच्या दुःखाला लेखणीही मिळाली आणि जामीनही.

नाटकातल्या राजपुत्रालाही समीक्षक पुष्कळ मिळाले. बापाचा सूड घ्यावा की थांबावे, या त्याच्या घालमेलीला आपली समीक्षा अखिल मानवाची शोकांतिका म्हणते. पाचव्या अंकातले कबर खोदणारे मात्र 'विनोदी विसावा' म्हणून निकालात निघतात. नाशिकच्या वर्गात मीही काही वर्षे असेच शिकवले. नोट्सच तशा होत्या.

आता तो प्रवेश पुन्हा वाचावा. कवटीला नाव आहे, यॉरिक. खोदणाऱ्याला नाही, जुन्या छापील प्रतींत त्याला नुसते विदूषक म्हटले आहे. राजपुत्र जन्मला त्याच दिवशी याने हे काम धरले, म्हणजे त्या राज्याची तीस वर्षे याच्या फावड्याखालून गेली. ऑफेलिया थोराघरची नसती तर तिला विधिवत मूठमाती मिळाली नसती, हे दोघे खोदणारे उघड बोलतात. दरबारात एवढे स्पष्ट कोणी बोलत नाही.

तो खोदताना गातो, याचे राजपुत्राला नवल वाटते. होरेशिओ सांगतो, सवय झाली आहे. राजपुत्र जोडतो, ज्या हातांना काम थोडे त्यांचीच संवेदना नाजूक. इथे मला माझा आजा आठवला. गावात कोणीही मेले की मौतीचा सांगावा घेऊन तो परगावी पायी जाई, सरणाची लाकडे वाही. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले तेव्हा हे काम सुटले. त्याला सवय होती म्हणावे, की नकार द्यायची सोय नव्हती म्हणावे? होरेशिओला हा प्रश्न पडत नाही. शेक्सपिअरला पडला असावा, कारण शब्दांच्या झटापटीत तो राजपुत्राला हरवतो ते याच माणसाकडून.

आणि हरल्यावर राजपुत्र काय म्हणतो? काळ असा आला की कुणब्याचा अंगठा दरबाऱ्याच्या टाचेला लागू लागला. मृत्यूपुढे सारे समान, हे चिंतन तो करतो ते या तक्रारीनंतर. काळाराम मंदिराच्या बंद दारांपुढे २ मार्च १९३० पासून आपली माणसे उभी राहिली, त्या गावात हे वाक्य विनोद म्हणून शिकवणे मला जमत नाही.

पुढे ऑफेलियाची प्रेतयात्रा येते आणि खोदणाऱ्याला पुन्हा एकही वाक्य मिळत नाही. शेवटी राजवाड्यात चार प्रेते पडतात. हॅम्लेटला सैनिकी मानाने उचलतात, तोफा उडतात. खड्डा कोण खोदतो ते नाटकात नाही.