डोके लहान होत जाते काय?

जीवशास्त्राच्या पुस्तकात किंवा प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. पाच-सहा मानवी आकृत्या एका ओळीत उभ्या असतात. डावीकडे गर्भ, मग नवजात बालक, मग लहान मुले, आणि उजव्या टोकाला पूर्ण वाढलेला पुरुष. सगळ्या आकृत्यांची उंची मुद्दाम सारखी ठेवलेली असते. हनुवटी, बेंबी, जांघ, गुडघे या खुणांना जोडणाऱ्या तुटक रेषा एका आकृतीवरून दुसऱ्या आकृतीकडे उतरत जातात. दोन महिन्यांच्या गर्भाचे डोके जवळजवळ निम्म्या शरीराएवढे, नवजात बालकाचे चौथ्या हिश्श्याएवढे आणि प्रौढाचे आठव्या हिश्श्याएवढे. खाली लिहिलेले असते : ‘वयानुसार शरीराच्या प्रमाणांत होणारे बदल’.

हे चित्र चांगले आहे आणि ते वर्गात असावे, असे आमचे मत आहे. परंतु आज ते ज्या रीतीने छापले जाते आणि शिकवले जाते, त्या रीतीबद्दल आमची तक्रार आहे. ती नीट मांडायची तर आधी चित्राचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

अशी चित्रे प्रसिद्ध झाली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. कार्ल हाइन्रिख श्ट्राट्स या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने बालकाच्या शरीरावर लिहिलेल्या पुस्तकात वेगवेगळ्या वयांच्या आकृत्या अशा मांडल्या होत्या. १९१७ साली डार्सी थॉम्पसन यांनी ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथात सजीवांचे आकार गणिताच्या भाषेत मांडले. त्यांच्या सन्मानार्थ १९४५ साली निघालेल्या लेखसंग्रहात पीटर मेडावार यांनी आकारमान, आकार आणि वय यांच्या संबंधावर लिहिले. हेच मेडावार पुढे प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९६० च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

या मांडणीतली युक्ती साधी आणि हुशारीची आहे. वाढताना मुलात दोन गोष्टी एकदम घडतात. ते मोठे होते आणि त्याची घडणही बदलते. मोठे होणे इतके ठळक असते की घडणीतला बदल त्याच्याआड लपतो. म्हणून सर्वांना एकाच उंचीवर आणून मोठे होणे चित्रातून काढून टाकायचे. उरतो तो फक्त घडणीतला बदल. नवजात बालकाच्या शरीराचा मध्य बेंबीच्या किंचित वर येतो, प्रौढाचा जांघेच्या हाडापाशी उतरतो, ही गोष्ट या चित्रामुळे एका नजरेत कळते. शंभर ओळींच्या वर्णनाला हे जमणार नाही.

अडचण पुढे येते. जे काढून टाकले ते काढून टाकले आहे, हे सांगायचेच राहून जाते. बऱ्याच तक्त्यांवर आकृत्यांखाली खरी उंची नसते, मोजपट्टी नसते. मग विद्यार्थी जे दिसते ते वाचतो : डोके लहान होत जाते! ‘वयानुसार डोक्याचा आकार कमी होतो’ असे वाक्य उत्तरपत्रिकेत सापडले तर मुलाला दोष देण्याआधी तक्त्याकडे पाहावे. कागदावर डोके खरोखरच निम्म्यावर आलेले असते. प्रत्यक्षात ते जवळजवळ दुप्पट उंच झालेले असते.

यावर उपाय म्हणून एक हिशेब वर्गात फळ्यावर करून पाहावा. नवजात बालक साधारण ५० सेंटिमीटर लांब असते. सोयीसाठी त्याचे तीन भाग करू : डोके १२, मान व धड २२ आणि पाय १६ सेंटिमीटर. प्रौढ होईपर्यंत डोक्याची उंची सुमारे दुप्पट होते, धडाची तिप्पट आणि पायांची पाचपट. म्हणजे डोके २४, धड ६६, पाय ८०. बेरीज १७० सेंटिमीटर. ही ठोकळ आकडेमोड आहे, पण वास्तवापासून फार दूर नाही. आता उलटा प्रश्न विचारावा. सगळेच भाग सारख्या पटीने वाढले असते तर? ५० चे १७० व्हायला ३.४ ची पट हवी. मग डोके जवळजवळ ४१ सेंटिमीटर उंच झाले असते आणि पाय अवघे ५४ सेंटिमीटरचे राहिले असते. असा माणूस फळ्यावर मापाने काढून दाखवला की वर्ग हसतो आणि मुद्दा कायमचा लक्षात राहतो. कोणताही भाग लहान होत नाही. सगळे वाढतात, पण वेगवेगळ्या पटींनी.

डोक्याची पट कमी का, हेही मग सांगता येते. डोके आपली वाढ आधीच उरकून घेते. नवजात बालकाचा मेंदू सुमारे ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो आणि सहाव्या वर्षापर्यंत तो प्रौढ मेंदूच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचतो. कवटी मेंदूच्या मागोमाग वाढते. त्यानंतर डोक्यात जी ठळक वाढ होते ती मुख्यतः चेहऱ्याची, जबड्याची. पायांची लांब हाडे मात्र टोकांजवळच्या कूर्चेच्या थरांतून पौगंडावस्था संपेपर्यंत वाढत राहतात. तक्त्यातील ‘डोके’ या एका शब्दात मेंदूची पेटी आणि चेहरा अशा दोन निराळ्या वेळापत्रकांच्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, हेही त्या निमित्ताने दिसते.

आमची दुसरी तक्रार आकड्यांबद्दल आहे. श्ट्राट्सच्या मांडणीत नवजात बालक ४ डोकी उंच, दोन वर्षांचे मूल ५ डोकी, सहा वर्षांचे ६ आणि प्रौढ ८ डोकी. इतके गोल आकडे निसर्ग सहसा देत नाही. प्रत्यक्ष मोजली तर बहुतेक प्रौढ माणसे साडेसात डोक्यांच्या आसपास किंवा त्याहून थोडी कमीच भरतात. आठ हा चित्रकारांचा आवडता आकडा आहे. श्ट्राट्सने स्त्रीदेहाच्या सौंदर्यावरही पुस्तक लिहिले होते आणि आदर्श देहाची मापे हा त्याच्या आस्थेचा विषय होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोल आकड्यांचे मूळ कळते. त्याची आकृती अर्धी मोजमापातून आणि अर्धी आदर्शाच्या कल्पनेतून आलेली आहे.

आदर्श ठरवण्यात गैर काही नाही. आपल्या मूर्तिकारांनीही ते केले. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१४ साली भारतीय मूर्तींच्या शरीररचनेवर प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत तालमानाचे नियम दिले आहेत. त्यांत बालमूर्ती पाच तालांची आणि कुमारमूर्ती सहा तालांची सांगितली आहे. ताल म्हणजे चेहऱ्याचे माप, पूर्ण डोक्याचे नव्हे, म्हणून हे आकडे श्ट्राट्सच्या आकड्यांशी जसेच्या तसे ताडून पाहता येणार नाहीत. पण मूल म्हणजे लहान केलेला मोठा माणूस नव्हे, ही गोष्ट या शिल्पींना ठाऊक होती. फरक इतकाच की मूर्तिकार ‘अशी घडवावी’ म्हणतो आणि जीवशास्त्राचा तक्ता ‘असे असते’ म्हणतो. एकाची भाषा दुसऱ्याच्या तोंडी गेली की घोटाळा होतो.

तिसरी तक्रार काळाबद्दल. आकृत्या कागदावर समान अंतरावर उभ्या असतात, पण वयांची अंतरे समान नसतात. दोन ते सहा ही चार वर्षे आणि बारा ते पंचवीस ही तेरा वर्षे तक्त्यावर सारखीच जागा घेतात. पहिल्या एका वर्षात मूल सुमारे २५ सेंटिमीटर वाढते. तो वेग पुन्हा आयुष्यात कधीच येत नाही, आणि तक्त्यावर तो कुठेच दिसत नाही. शिवाय त्या सरळ तुटक रेषांमुळे वाटते की बदल एका संथ चालीने होतो. पौगंडावस्थेतले सत्य वेगळे आहे. तिथे आधी पाय झपाट्याने वाढतात आणि धडाचा झपाटा काही महिन्यांनी येतो. म्हणून मधल्या काळात मुले ‘नुसती टांगांची’ दिसतात. मुलींमध्ये हा झपाटा सरासरीने सुमारे दोन वर्षे आधी येतो. म्हणून सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुलगे ठेंगणे असे दृश्य दिसते. तक्त्यावर मात्र सहसा एकच ओळ असते आणि तीही मुलग्याची. वर्गातल्या अर्ध्या मुलांनी स्वतःला त्यात कुठे शोधावे?

चौथी तक्रार आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. तक्ता पाहताना असा समज होतो की एकच मूल डावीकडून उजवीकडे चालत गेले आहे. ते तसे नसते. ती निरनिराळ्या मुलांवरून ठरवलेली नमुनाचित्रे असतात. एकाच मुलाला वर्षानुवर्षे मोजत राहणे हे वेगळे आणि चिकाटीचे काम आहे. फ्रान्समध्ये मोंबेयार यांनी १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची मोजली आणि बुफाँ यांनी ती आकडेवारी आपल्या ‘निसर्गेतिहासा’त छापली. एका मुलाची एवढी जुनी आणि सलग नोंद दुसरी सांगता येत नाही. नमुना आणि एक खरे मूल यांत किती अंतर असू शकते, हे अशाच नोंदींतून समजते.

हे अंतर विसरले की काय होते ते आपल्या शाळांना चांगले माहीत आहे. जन्माची नोंद घरोघरी नसायची त्या काळात मूल शाळेत घालायचे की नाही हे ठरवण्याची एक युक्ती होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की मूल सहा वर्षांचे झाले! युक्तीमागे शास्त्र होते. सहाव्या वर्षापर्यंत डोके जवळपास वाढून झालेले असते आणि हात लांबत असतो, म्हणून त्या सुमारास बोटे कानापर्यंत पोचतात. पण ‘त्या सुमारास’ म्हणजे एखाद्याची साडेपाचाव्या वर्षी आणि एखाद्याची सातव्या वर्षी. ज्याची वाढ खुंटली आहे त्याची आणखी उशिरा. म्हणजे ज्या मुलाला घरात पुरेसे खायला मिळत नव्हते, त्यालाच शाळेच्या दारातून ‘पुढच्या वर्षी या’ असे ऐकावे लागण्याचा संभव अधिक. सरासरीचा नियम एका मुलावर निकाल म्हणून लावल्याचा हा परिणाम. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयाचा दाखला नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही असे स्पष्ट केले. पण मुलाकडे नमुन्याच्या चष्म्यातून पाहण्याची सवय कायद्याने जात नाही.

आणि शरीराची प्रमाणे केवळ वयावर चालत नाहीत. १९५१ साली इझाबेला लीच या आहारशास्त्रज्ञ बाईंनी एक विचार मांडला. बालपणी पाय सर्वांत वेगाने वाढत असतात, म्हणून आबाळ झाली तर तिचा फटका धडापेक्षा पायांना अधिक बसेल आणि तुलनेने आखूड पाय ही बालपणीच्या उणिवेची खूण ठरेल. पुढच्या अनेक अभ्यासांनी या विचाराला पाठबळ दिले. याचा अर्थ प्रत्येक आखूड पायामागे उपासमार आहे असा नाही. आनुवंशिकतेनेही प्रमाणे ठरतात आणि वेगवेगळ्या लोकसमूहांत ती वेगळी असतात. पण मोठ्या समूहाकडे पाहिले तर पायांच्या लांबीत त्या समाजातल्या मुलांच्या ताटाचा इतिहास काही अंशी लिहिलेला असतो. तक्ता पाहून मात्र असे वाटते की चारचे आठ होणे ही आपोआप घडणारी गोष्ट आहे. अन्न, आजार, स्वच्छ पाणी यांचा तिथे मागमूसही नसतो.

मग तक्ता काढून टाकावा काय? मुळीच नाही. त्याच्या शेजारी दुसरे चित्र लावावे. त्याच आकृत्या, पण खऱ्या उंचीच्या प्रमाणात, आणि वयांची अंतरेही प्रमाणात. दोन्ही चित्रे शेजारी आली की ‘मोठे होणे’ आणि ‘घडण बदलणे’ या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवता येतात. पहिल्या चित्राचा मूळ हेतूही तोच होता.

त्याहून चांगले म्हणजे मुलांना मोजू द्यावे. ज्या शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंतचे वर्ग आहेत तिथे ही सामग्री आयती आहे. उभे राहून उंची मोजावी. मग बाकावर ताठ बसवून बाकापासून टाळूपर्यंतची उंची मोजावी. पहिलीतून दुसरी वजा केली की पायांची लांबी मिळते. डोक्यावर एक पट्टी आडवी धरून आणि हनुवटीखाली दुसरी धरून डोक्याची उंची मिळते. प्रत्येक इयत्तेच्या मुलींची आणि मुलग्यांची सरासरी वेगवेगळी काढावी. मात्र कागदावर नावे लिहू नयेत आणि कोणाचीही मापे वर्गात वाचून दाखवू नयेत. बुटका आणि लंबू ही नावे चिकटवायला मुलांना फार वेळ लागत नाही. सरासरीबरोबरच सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे मापही आलेखावर दाखवावे. एकाच इयत्तेत केवढा पसारा आहे हे पाहिले की ज्या मुलाला आपण वेगळे आहोत अशी धास्ती वाटते, त्याला आपणही त्या पसाऱ्यातच कुठेतरी आहोत हे न सांगता कळते.

छापील तक्ता आणि स्वतःचा आलेख जुळत नाहीत असे दिसले, तर मुले विचारतील की चूक कोणाची. तो प्रश्न यावा म्हणूनच हा खटाटोप. त्या वेळी तक्त्याची बाजू घेण्याची घाई आपण शिक्षकांनी करू नये.