देठ राखून

तोंडाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते काय काढलं याबद्दल. अर्धा जबडा काढला, गाल काढला, जिभेचा तुकडा काढला. उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांत, बदलापूरच्या नव्या इमारतींत बातमी एवढीच पोचते आणि ऐकणारा मान हलवून गप्प होतो. मला हे ऑपरेशन वाचावंसं वाटतं ते दुसऱ्या बाजूने. सर्जनने काय राखलं आणि ते जगवलं कशाच्या जोरावर, हे पाहत गेलं की माणसाच्या हातून घडणाऱ्या फार सुंदर कामांपैकी एक आपल्यासमोर उलगडत जातं.

त्यासाठी सुरुवात पुण्यापासून, एका नाकापासून करावी लागते. कावसजी नावाचा एक गाडीवान, इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा, १७९२ च्या युद्धात टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात चित्रासकट छापून आली. करणाऱ्याचं नाव त्यात नाही, कृती मात्र बारकाईने दिली आहे. आधी मेणाचं नाक बसवून पाहायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, त्याच्या कडेने रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण सगळी सोडवायची नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची, तिच्यावर पीळ देऊन कपाळाची कातडी खाली नाकावर आणायची. जोड धरून ठेवायला पाण्यात भिजवलेला काथ फडक्यांना लावून त्यांचे थर द्यायचे. चार दिवस हात लावायचा नाही, मग तुपात बुडवलेली फडकी. साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची.

त्या पंचवीस दिवसांपाशी मी नेहमी थांबतो. नवं नाक नव्या जागी रुजून तिथलं रक्त प्यायला लागेपर्यंत त्या पट्टीच्या जुन्या देठावर जगतं, आणि करणाऱ्याला हे इतकं पक्कं माहीत आहे की तो देठ तोडायची घाई करत नाही. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने ही कृती वाचून स्वतः करून पाहायला १८१४ साल उजाडलं. आणि तो काथ! पानाला रंग देणारा, गुटख्याच्या पुडीतही असणारा. दोष त्याचा नाही, तो तंबाखूचा आणि सुपारीचा. तरी आज ज्या पुडीपायी आमच्याकडची माणसं गाल गमावतात, तिच्यातलंच एक द्रव्य पुण्यात कुणाचा तरी चेहरा शिवताना कामी आलं होतं, हे वाचून मन हेलावतं.

आमच्या भागातला हा आजार बहुधा गाल आणि हिरडीच्या बेचक्यात सुरू होतो, जिथे रात्रपाळीत जाग राहावी म्हणून तंबाखूची गोळी धरली जाते तिथेच. सुपारीने तोंड आधीच आखडलेलं असतं. तीन आठवडे न भरणारी जखम दिसली तरी माणूस थांबतो, कारण ‘चाकू लागला की पसरतं’ असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. ते खोटं आहे. तपासायला तुकडा काढल्याने हा आजार पसरत नाही, वाट पाहत बसल्याने पसरतो.

ऑपरेशनचा पहिला भाग कापण्याचाच. गाठीच्या भोवतीचा सुमारे एक सेंटीमीटर निरोगी भागही घ्यायचा, आणि त्यात हात आखडायचा नाही. नातेवाईक विचारतात, गाठ गालात होती, मग मान कशाला कापली? याचं उत्तर परळच्या टाटा हॉस्पिटलनेच जगाला दिलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातले, मानेत गाठ हाताला न लागणारे रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटात मानेतल्या लसीकाग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्यात आजार मानेत दिसल्यावर. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या निष्कर्षात तीन वर्षांनी जगण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के होतं, दुसऱ्यात ६७.५. पण मानेतलं खरं देखणेपण आकड्यांत मावत नाही. खालचा ओठ ओढणारी एक बारीक नस, म्हणजे मज्जातंतू, जबड्याच्या कडेखालून जाते. ती दुखावली तर हसताना ओठाचा कोपरा वाकडा होतो. चेहऱ्याकडून येणारी शीर तिच्या खालून जाते. सर्जन ती शीर खाली बांधतो आणि तिचं वरचं टोक उलटून वर धरतो, म्हणजे नस आपोआप तिच्या आड सुरक्षित राहते. पुढे कुणाला कळणारही नाही अशी ही हातोटी आहे, आणि मला ती फार आवडते.

मग भरण्याचं काम. स्टीफन आरियन यांनी १९७९ मध्ये छातीचा स्नायू कातडीसकट उचलून, गळ्याच्या कातडीखालून फिरवून तोंडात आणण्याची रीत मांडली. आपल्याकडे लोक म्हणतात, ‘छातीचं मांस गालाला लावलं.’ त्याची रक्तवाहिनी जागेवरच राहते. पुण्यातलीच रीत ही, फक्त देठ लांब आणि आत दडलेला. खर्च आणि वेळ कमी लागत असल्याने आपल्या कित्येक रुग्णांचे गाल याच रीतीने भरले गेले.

जबडा गेला असेल तर पायाचं हाड. ऑस्ट्रेलियाच्या इयान टेलर यांनी १९७५ मध्ये पायातलं बाहेरचं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिनीसकट हलवून दाखवलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी त्यातून जबडा घडवल्याचं प्रसिद्ध केलं. शरीराच्या वजनाचा थोडाच भाग हे हाड पेलतं, त्यामुळे गुडघ्याजवळची आणि घोट्याजवळची टोकं राखून मधलं काढलं तरी माणूस पुन्हा चालतो. हाड सरळ आणि जबडा वळलेला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला सुतार सरळ पट्टीला गोलाई देताना पाचरी कापून काढतो, तशाच इथे हाडातून पाचरी काढतात आणि टायटॅनियमच्या पट्टीवर ते बसवतात. बरेच सर्जन हे कोरीवकाम हाड पायातच असताना करतात, रक्त वाहत असताना. देठ तोडायचा तो अगदी शेवटी. मग मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने, पायाची धमनी मानेतल्या धमनीला आणि शीर शिरेला जोडायची. पुण्याच्या त्या माणसाने पंचवीस दिवस जपलेला देठ इथे तोडून काही तासांत दुसरीकडे लावला जातो. पण शहाणपण तेच, रक्ताची वाट आधी आणि रूप नंतर.

पुढचे दोन-तीन दिवस सिस्टर दर तासाला येऊन त्या कातडीचा रंग बघते. सुईचं टोक लावलं की लाल थेंब यावा. काळपट रक्त भराभर आलं तर शीर तुंबली, आलंच नाही तर धमनी. दोन्ही वेळी तातडीने पुन्हा ऑपरेशन थिएटर. एका थेंबाचं इतकं नेमकं वाचन मी कुठे पाहिलेलं नाही.

यानंतरचं काम रुग्णाचं. गळ्यातली श्वासाची नळी निघते, नाकातली नळी अजून राहते आणि तिच्यातून गाळलेली पेज, डाळीचं पाणी, ताक जातं. मग थेंबभर पाणी गिळायचं, ठसका न लागता. दातांमध्ये आइसक्रीमच्या काड्या ठेवून तोंड उघडायचा व्यायाम, दर आठवड्याला जमेल तशी एक काडी वाढवत. बोलणं पुन्हा शिकायचं. ‘परळ’ म्हणायला ‘प’साठी ओठ मिटावे लागतात आणि ‘ळ’साठी जिभेचं टोक वर वळावं लागतं, नव्या गालाला आणि अर्ध्या जिभेला दोन्ही जड. पुष्कळांना रेडिएशन लागतं, बहुधा ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू होणारं, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. बदलापूरचा माणूस त्यासाठी रोज लोकलने जातो. विकलांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येतं, पण तोंड आलेलं असताना, लाळ सुकलेली असताना त्या गर्दीत ये-जा करणं हा उपचाराचाच अवघड भाग आहे आणि डिस्चार्जच्या कागदावर त्याची नोंद नसते. २००४ मध्ये शरद पवारांवर तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, आणि बदललेल्या उच्चारासकट त्यांची भाषणं महाराष्ट्र पुढे वर्षानुवर्षं ऐकत आला. आपल्या घरातल्या माणसाचं बोलणंही आपण तितक्याच धीराने, वाक्य पुरं होईपर्यंत ऐकायला हवं.

या कामात एक जागा बहुतेकदा रिकामी राहते. पायाचं हाड इतकं भक्कम असतं की त्यात इम्प्लांट रोवून दात बसवता येतात. ते जमलं की माणूस पुन्हा भाकरी चावू शकतो. आमच्याकडे बरीच माणसं तिथवर पोचत नाहीत. रेडिएशन संपेपर्यंत पैसे संपलेले असतात, कामाची जागा गेलेली असते, आणि दात ही चैन वाटते. ते चैन म्हणून बाजूला ठेवलं जाणं मला मान्य नाही. पायातून उचललेलं हाड जबडा म्हणून जोडलं गेलं ते चावण्यासाठी, आणि आज कित्येक घरांत त्या जबड्याला मऊ वरण-भातावरच ठेवलेलं आहे.