डबा आणि ताट

दिवाळी अंक हातात पडला की मी आधी अनुक्रमणिका पाहतो, आणि बालपणीच्या आगगाडीच्या प्रवासावरचा एखादा लेख तीत हटकून सापडतो. त्या लेखाचे सामान आता मला पाठ झाले आहे. ट्रंक असते, होल्डॉल असतो, फिरकीचा तांब्या असतो. खिडकीतून डोके बाहेर काढल्याबद्दल वडिलांची एक चापट असते आणि डोळ्यात गेलेला कोळशाचा कण असतो. मग गाडी वेग घेते, आई डबा उघडते, आणि लेखकाची लेखणी इंजिनापेक्षा जोरात धावू लागते. दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, केळीच्या पानात बांधलेला दहीभात! लेखाच्या शेवटी हल्लीच्या गाड्यांत मिळणाऱ्या खाण्याला नावे ठेवली की लेख पुरा होतो.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. असले लेख मी आवडीने वाचतो आणि वाचताना मलाही भूक लागते. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांत खोडी काढण्याचे काम केल्यामुळे जुनी सवय सुटत नाही. माझी तक्रार साधी आहे. वर्षातून आगगाडीतली जेवणे ती किती? जाताना एक, येताना एक. उरलेल्या तीनशे साठांहून अधिक रात्री हे लेखक कुठे जेवत होते? घरीच ना? मग त्या जेवणांना अर्धेच वाक्य का मिळते? ते अर्धे वाक्यही ठरलेले असते: ‘आईच्या हाताला चव होती.’ समीक्षक म्हणून मला या वाक्याचा राग येतो. त्यात आई नाही, हात नाही आणि चवही नाही. डब्यातल्या पुरीला तिखट, मीठ, ओवा सगळे मिळते. ताटातल्या आमटीला साधे नावसुद्धा मिळत नाही.

इतका राग राग केल्यावर माझी स्वतःची गोष्ट सांगितलीच पाहिजे. गेल्या वर्षी आमच्या आईला शंभर वर्षे पूर्ण झाली असती. आम्ही चार भावंडांनी ठरवले, की प्रत्येकाने तिच्यावर चार-चार पाने लिहावीत आणि नातवंडांसाठी घरच्या घरी एक पुस्तिका काढावी. सर्वांत मोठी ताई, मग मी, माझ्यामागे दोन धाकटे. लिखाण जमा झाले. संपादक अर्थात मी! चारही लेख टेबलावर ठेवून वाचू लागलो आणि दुसऱ्या लेखापाशीच थबकलो. चारही लेखांत कसारा होते.

आम्ही मुंबईला राहत होतो आणि आजोळ होते वर्ध्याला. दर मे महिन्यात रात्रीच्या गाडीने निघायचे. कसाऱ्याला गाडी थांबे, घाट चढवण्यासाठी मागून आणखी एक इंजिन लागे, त्याचा धक्का बसे, आणि तो धक्का बसला की आईने डबा उघडायचा असा आमच्या घरचा दंडक होता. तोवर कितीही भूक लागो, डब्याला हात लावायचा नाही. मग बोगदे सुरू होत. दिव्याच्या पिवळ्या उजेडात गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरून आम्ही जेवत असू. इगतपुरी आली की विजेचे इंजिन जाऊन वाफेचे लागे. त्याआधी हात धुऊन व्हायला हवेत, नाहीतर कोळशाची चटणी! हे सगळे चौघांनीही लिहिले होते. धाकट्याने तर पुऱ्यांची संख्याही दिली होती, आणि ती माझ्या संख्येशी जुळत नव्हती.

मी तिघांना विचारले, आणि स्वतःलाही विचारले, की एखाद्या साध्या मंगळवारी रात्री घरी आपण काय जेवत होतो? कोणालाच सांगता येईना. आईने आम्हांला निदान पंचवीस वर्षे तरी रोज रात्री वाढले. त्यातला एक मंगळवार चौघांत मिळून निघेना.

स्मृती नेहमीचे टाकून वेगळे तेवढे उचलते, असे यावर कोणीही सांगेल. ते खरेच आहे. प्रवासाचे जेवण मुळातच वेगळे. दशमी दुधात भिजवायची ती एक तर टिकावी म्हणून, आणि पाण्याचा स्पर्श नसल्याने सोवळेओवळे मानणाऱ्यांनाही ती वाटेत चालावी म्हणून. भाजी कोरडी, कारण रस्सा सांडतो. ताट म्हणजे पाट-पाणी, मीठ-लिंबू, डावी-उजवी बाजू; डब्याला बाजूच नाही. मात्र हे कारण मला अर्धेच वाटते. वेगळेपणच हवे, तर घरी सणावारी पुरणपोळ्याही होत होत्या. त्यांच्यावर चौघांपैकी एकानेही लिहिलेले नव्हते.

मग मी पुस्तकांकडे वळलो; दुसरा धंदा मला येत नाही. आपल्या साहित्यात खाण्यावर कमी लिहिलेले नाही. ‘हसवणूक’मधला पु. ल. देशपांड्यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख कोणाला ठाऊक नाही? पण त्यात एकेक पदार्थ आपल्या नावानिशी थाटात येतो आणि टाळ्या घेऊन जातो. विनोदी लेखाने तसेच करावे. रोजचे ताट तिथे मागणे अरसिकपणाचे होईल. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि घरोघरी गेले. पण पाककृतीच्या पुस्तकात पदार्थ असतो, जेवण नसते. काल काय केले होते, डब्यात डाळ किती उरली आहे, धाकट्याला ताप आहे आणि थोरल्याची उद्या परीक्षा आहे, या सगळ्याचा मेळ घालून संध्याकाळी सहा वाजता ‘आज काय करू?’ असा जो प्रश्न पडतो, त्याचे उत्तर कुठल्याच अनुक्रमणिकेत मिळत नाही.

ते मला मिळाले लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त. १९३४ पासून हे पुस्तक भागाभागांनी बाहेर आले; मी ते कितीदा वाचले याची गणती नाही. यंदा मात्र केवळ चुलीवर नजर ठेवून वाचले. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी सारे घर कसे गांजले होते, हे लक्ष्मीबाई हसतहसत सांगतात आणि हसणाऱ्याला मध्येच गप्प करतात. तिथे अन्न म्हणजे चव नव्हे. अन्न म्हणजे हुकूम, भांडण, पाहुणे, टंचाई आणि अब्रू.

रेव्हरंड टिळकांच्या चरित्रात आगगाडीची एक प्रसिद्ध हकीकत आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना त्यांना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला, गप्पा झाल्या, त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, असे सांगतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. चरित्रकारांना ही गाडीतली भेट फार आवडते, आणि ते साहजिकच आहे. नाट्य तिथे आहे. पण त्या भेटीचा हिशेब चुकता झाला तो लक्ष्मीबाईंच्या चुलीशी. काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहून त्या परत आल्या, तेव्हा नांदत होत्या एका घरात आणि स्वयंपाक, पाणी वेगळे ठेवत होत्या. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. एका छपराखाली दोन जेवणे. मग विचार करता करता एक दिवस त्यांनी ठरवले, की आपण आता जातिभेद मानायचा नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते त्या पुस्तकातली मोठी क्रांती ही आहे, आणि ती राजनांदगावच्या गाडीत न होता रोजच्या भाताच्या पातेल्यापाशी झाली. हे लिहिता आले, कारण लिहिणारी बाई पंगतीत बसलेली नव्हती, वाढत होती. आमच्या आठवणींच्या लेखांत बोलणारा बहुधा पाटावर बसलेला असतो. त्याला वाढणारा हात दिसतो. हातामागे उभे असलेले माणूस त्याच्या पाठीशी राहते.

दुसरे पुस्तक वाचले आणि डब्याच्या लेखांबद्दलचा माझा उरलासुरला लोभही डळमळला. पुस्तक कसले, छोटी पुस्तिकाच. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले काही अनुभव इंग्रजीत लिहून ठेवले होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते १९९० साली पुस्तिकारूपाने छापले गेले. त्यातला पहिलाच अनुभव १९०१ सालचा, आगगाडीच्या प्रवासाचा आहे. भाऊ आणि भाचे यांच्यासह नऊ-दहा वर्षांचा भीम साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला आहे. मुलांना नवे कपडे केले आहेत, मुले हरखून गेली आहेत. इथपर्यंत तो अगदी आपल्या दिवाळी अंकातला लेख आहे! मग मसूर स्टेशन येते. न्यायला कोणी आलेले नसते. आधी लिहिलेले पत्र वडिलांपर्यंत पोचलेलेच नसते. स्टेशनमास्तर चौकशी करतात, जात कळते, आणि त्यांचा चेहरा पालटतो. गाडीवान दुप्पट भाड्यावर बैलगाडी देतो, पण मुलांनीच ती हाकायची आणि तो बाजूने चालणार. जवळ घरच्या फराळाची भरलेली टोपली आहे, भूक लागली आहे. आणि प्यायला पाणी कोणी देत नाही. रात्री भरल्या टोपलीशेजारी मुले उपाशी झोपतात.

हे वाचल्यावर मी माझा कसाऱ्याचा परिच्छेद पुन्हा काढून पाहिला. त्यात एक वाक्य होते: ‘इगतपुरीला बाबा तांब्या भरून आणीत.’ हे वाक्य लिहिताना मला काहीही वाटले नव्हते. त्या नळावरून बाबांना कोणी हाकलत नव्हते, ही गोष्ट आमच्या दशमीच्या चवीत मिसळलेली होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. डब्यावर लिहू नये असे मी म्हणत नाही. पण तिथे आणखी कोण बसले होते, पाणी कोणाला मिळत होते आणि डबा भरण्यासाठी पहाटे कोण उठले होते, एवढे तरी विचारावे. आठवणी सांगणाऱ्या लेखकांना ही चौकशी नको असते. तिने गोडी जाते असे त्यांना वाटते. आंबेडकरांच्या त्या पानांत एकही रडका शब्द नाही, तरी इतक्या वर्षांनी ती टोपली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ‘खमंग’ आणि ‘लुसलुशीत’ या विशेषणांना हे कधी साधणार नाही.

राहता राहिला आमचा मंगळवार. तो ताईकडून मिळाला. तिचा लेख मी परत पाठवला होता आणि कसारा सोडून काहीही लिही असे कळवले होते. आठ दिवसांनी तिचा फोन आला.

“अरे, मंगळवारी पिठले असायचे,” ती म्हणाली. “बाजार बुधवारचा. मंगळवारी भाजी संपलेली असायची. तू एवढे विसरलास?”

“आणि आई काय जेवायची?”

“खरवड.”

मलाही ते एकदम आठवले. पिठल्याच्या कढईला तळाशी जी खरपूस खरवड धरते, ती आईला फार आवडते असे आम्ही सगळे समजत होतो. आम्ही पिठले संपवायचो, आई सर्वांच्या मागून बसायची, आणि कढई पुढे ओढून उलथन्याने खरवडायची. धाकट्याने एकदा खरवड मागितली, तेव्हा बाबाच त्याला रागावले होते, की ती आईची आहे, तिला आवडते. त्यात आम्हांला आईचा मान राखल्याचे समाधान होते.

ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “गाडीत मात्र ती आपल्याबरोबर जेवायची रे. तिथे कढई कुठे होती?”

मी लेख पुन्हा उघडला. कसाऱ्याचा धक्का होता, बोगदे होते, पुऱ्यांची संख्या होती. आई समोरच्या बाकावर खिडकीशी बसली आहे, तिच्याही गुडघ्यांवर आमच्यासारखेच वर्तमानपत्र आहे, आणि ती आमच्याबरोबरच पहिली पुरी मोडते आहे, हे चौघांपैकी कोणी लिहिले नव्हते. पुस्तिका अजून छापायला दिलेली नाही. कसारा ठेवायचे ठरले आहे. धाकटा पुऱ्यांची संख्या बदलायला तयार नाही.