'लवकर भार' : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञेने ज्या गोष्टीचा निर्देश करावयाचा, तिचेच मोजमाप तीत असावे, ही किमान अपेक्षा होय. दंतरोपणशास्त्रातील 'लवकर भार' ही संज्ञा या कसोटीस उतरत नाही.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची रोपणे बसविली. हाड धातूला थेट भिडावे, मध्ये तंतुमय ऊती वाढू नये, यासाठी खालच्या जबड्यात सुमारे तीन व वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने त्यांवर दात चढविला जात नसे. हा विराम सावधगिरीचा होता. पुढे तो आखडता घेण्याचे प्रयत्न झाले आणि त्या प्रयत्नांना नावे देणे प्राप्त झाले.

इंटरनॅशनल टीम फॉर इम्प्लांटॉलॉजी या संस्थेच्या २००३ च्या परिषदेने ४८ तासांनंतर, परंतु तीन महिन्यांच्या आत दिलेल्या भारास 'लवकर' म्हटले. त्याच संस्थेच्या २००८ च्या परिषदेने ही मर्यादा एक आठवडा ते दोन महिने अशी ठरविली. त्यामुळे चौथ्या दिवशी दिलेला भार पूर्वी 'लवकर' होता, तो 'तात्काळ' ठरला. दहाव्या आठवड्यातील 'लवकर' भार 'नेहमीचा' झाला. हाडाचे वर्तन तेच राहिले. पालटला तो केवळ शब्द.

व्याख्या सुधारणे हा दोष नव्हे. खरा दोष अधिक खोल आहे. रोपणास प्रारंभी मिळणारी पकड निव्वळ यांत्रिक असते. भोवतालचे हाड झिजू लागते तशी ती घटते, आणि नवे हाड तिची जागा हळूहळू घेते. या दोहोंमधील दुर्बळ काळ बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास येतो. 'लवकर' या एकाच नावाखाली हा दुर्बळ तिसरा आठवडा आणि बराचसा सावरलेला आठवा आठवडा एकत्र नांदतात.

शिवाय हाडास घातक ठरतो तो भार नव्हे, तर भारामुळे होणारी रोपणाची हालचाल. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेने सह्य हालचालीची सीमा ५० ते १५० मायक्रॉनांच्या दरम्यान असल्याचे सुचविले. ती ओलांडली की हाडाऐवजी तंतुमय ऊती वाढते व रोपण सैल होते. म्हणूनच खालच्या जबड्याच्या पुढील भागात ताठ दांड्याने परस्परांस जखडलेली चार रोपणे पहिल्याच दिवशी भार सोसू शकतात. वरच्या जबड्याच्या मागील मऊ हाडातील एकाकी रोपणास मात्र सहावा आठवडाही धोक्याचा ठरू शकतो.

अशा स्थितीत निरनिराळ्या निबंधांतील 'लवकर' गटांचे आकडे एकत्र करून काढलेली सरासरी ही शब्दांची बेरीज होते, हाडांची नव्हे. त्या सरासरीवर विसंबून जो निर्णय घेतला जातो, त्याची किंमत रुग्णाच्या जबड्यास द्यावी लागते. सबब अभ्यासकाने प्रत्येक निबंधातील प्रत्यक्ष दिवस, रोपणाची जागा, प्रारंभीची पकड आणि रोपणे जोडलेली होती की सुटी, हे चार तपशील आधी पाहावेत. संज्ञेचा विचार त्यानंतर करावा.