आंत्रदाह आणि प्रतिजैविक-प्रतिरोध : कारण की परिणाम?

क्रोनचा विकार आणि व्रणयुक्त बृहदांत्रदाह या दोन दीर्घकालीन आंत्रदाहांच्या रुग्णांत प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू अधिक आढळतात, असा निष्कर्ष अलीकडच्या संशोधनात वारंवार मांडला जातो. निरीक्षण म्हणून तो महत्त्वाचा आहे. परंतु त्यावरून प्रतिरोधी जीवाणू हेच दाहाचे कारण असे अनुमान काढणे सयुक्तिक नाही. ज्याला विकार जडला त्याने औषधेही अधिक घेतलेली असतात. तेव्हा रुग्णाच्या मलात सापडलेला प्रतिरोध विकाराच्या आधीचा की नंतरचा, हा प्रश्न प्रथम सुटला पाहिजे.

पहिला घोटाळा संज्ञांचा आहे. फ्रान्समध्ये दार्फय-मिशो व त्यांचे सहकारी यांनी क्रोनच्या विकारातील श्लेष्मल त्वचेला चिकटून पेशींत शिरणाऱ्या ई. कोलायचे वर्णन १९९८ पासून केले. एलएफ-८२ हा त्यांतील सुप्रसिद्ध वाण होय. हे जीवाणू भक्षक पेशींच्या आत जगतात व वाढतात. तेथे ते औषधाच्या माऱ्यातून वाचले, एवढ्यावरून ते आनुवंशिक अर्थाने प्रतिरोधी ठरत नाहीत. औषध असेपर्यंत तग धरणे ही सहनशीलता. औषध असतानाही वाढू शकणे हा प्रतिरोध. या दोहोंना एकच नाव दिल्यास उपचाराविषयीचा निर्णयही चुकतो.

दुसरा प्रश्न काळाच्या क्रमाचा. स्वीडनमधील २०२० च्या अभ्यासाने सुमारे २४ हजार रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या आणि निदानापूर्वीच्या एका वर्षातील औषधे हिशेबातून वगळली. प्रारंभीच्या लक्षणांवर दिलेले औषध विकाराचे कारण भासू नये, हा त्यामागील हेतू. सर्वसाधारण लोकांशी तुलना करता संबंध ठळक दिसला. निरोगी भावंडांशी तुलना करताच तो क्षीण झाला, मात्र नाहीसा झाला नाही. याउलट आशिया-पॅसिफिक प्रदेशातील २०१५ च्या अभ्यासात आशियाई लोकांत पूर्वीच्या प्रतिजैविकांचा संबंध विकाराच्या कमी शक्यतेशी आढळला. तेथील माहिती प्रश्नावलीतून, म्हणजे स्मरणावर विसंबून, गोळा केलेली होती. एकाच प्रश्नाला दोन भूप्रदेशांत विरुद्ध उत्तरे मिळत असतील, तर कोणतेही एक उत्तर तिसऱ्या प्रदेशावर लादता येत नाही.

हा तिसरा प्रदेश म्हणून रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे शेजारी तालुके विचारात घ्यावेत. कर्जतच्या एखाद्या वाडीत कोणाला रक्त पडू लागले, तर ती आव समजून मेट्रोनिडॅझोल दिले जाणे स्वाभाविक आहे. पुढे तोच विकार बृहदांत्रदाह ठरला, तर त्या औषधाची नोंद कोठे शोधावी? २०१४ पासून अंमलात आलेल्या अनुसूची एच-१ नुसार विक्रेत्याला ठरावीक औषधांची नोंदवही ठेवावी लागते. मेट्रोनिडॅझोल त्या यादीत नाही. स्वीडनची पद्धत येथे जशीच्या तशी चालत नाही ती यामुळे.

पाण्याचीही हीच गोष्ट. भिवपुरीच्या १९२२ मधील वीजगृहातून सुटलेले पाणी उल्हास नदीला मिळते व खोपोलीच्या १९१५ मधील वीजगृहाचे पाताळगंगेला. दोन्ही पाणी घाटावरच्या भीमा खोऱ्यातून वळवलेले आहे. पुढे पाताळगंगेच्या काठी औद्योगिक वसाहती आहेत. म्हणून गावाचे नाव एवढीच नोंद घेऊन जीवाणूंच्या संपर्काचा अंदाज बांधणे अपुरे होय. नमुना वीजगृहाच्या वरचा की खालचा, वसाहतीच्या आधीचा की नंतरचा, हे लिहिले पाहिजे. शिवाय विस्तारित-वर्णपट बीटा-लॅक्टमेझ निर्माण करणारे ई. कोलाय भारतातील निरोगी माणसांतही मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्याच वाडीतील, तेच पाणी पिणारा निरोगी शेजारी तुलनेस नसेल, तर रुग्णाच्या आतड्यातील प्रतिरोधाला अर्थ राहत नाही.

यात सर्वांत नाजूक प्रश्न क्षयाचा आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा विकार लक्षणांनी, दुर्बिणीतून आणि कित्येकदा ऊतिपरीक्षणातही सारखेच भासतात. म्हणून क्षयप्रवण देशांत संशयित रुग्णाला काही आठवडे क्षयविरोधी औषधे देऊन परिणाम पाहण्याची रीत आहे. त्यांतील रिफॅम्पिसिन हे क्षयजंतूंपुरते मर्यादित नाही. आतड्यांतील इतर जीवाणूंवरही त्याचा ताण पडतो. क्षय नसलेल्या रुग्णाला तो ताण व्यर्थ सोसावा लागतो. उलट क्षय असताना दाहशामक व प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली, तर जिवाशी गाठ पडते. या कोंडीत ‘प्रतिजैविके टाळा’ हा सरसकट उपदेश जितका घातक, तितकीच सवयीने लिहून दिलेली गोळीही घातक.

यावरून अभ्यासकाचे पहिले काम ठरते. पहिले लक्षण, पहिले औषध, क्षयाचा प्रयोगोपचार आणि निश्चित निदान यांचा कालक्रम प्रत्येक रुग्णापुरता मांडावा, आणि जमेल तेव्हा उपचार सुरू होण्यापूर्वीचा नमुना राखावा. जनुकांची मोजणी कितीही सूक्ष्म असली, तरी हा क्रम हरवला की कारण आणि परिणाम एकमेकांच्या जागी बसतात, आणि त्या चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते.